चार्ज न दिलेला माणूस

भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. लग्न झालंय का, नोकरी पक्की आहे का, पाहुणे फार येतात का. फुलपाड्यातल्या या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला आधी नीट निरखलं आणि मग विचारलं, "तुला राग किती डिग्रीला येतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे झटकन येतो, की तापत तापत येतो?"

मी सांगलीकडची. वसईजवळ वालीवच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट म्हणून नुकतीच लागले होते, पंधरा दिवस मैत्रिणीच्या घरी पथारी पसरून झोपत होते आणि मला घर हवं होतं. म्हणून खरं ते सांगून टाकलं. "उशिरा येतो. पण आला की लवकर जात नाही."

त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, दुसरा मजला! रॉकेल आहे!"

"रॉकेल चहा घेईल का ते विचारा आधी," आतून आवाज आला.

तो आवाज काकूंचा. हे अर्थात काका. त्यांच्या तीन मजली इमारतीत मी पुढे साडेचार वर्षं राहिले, आणि त्या साडेचार वर्षांत एकदाही मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही. मी रॉकेलच राहिले.

काकांनी सगळी नोकरी मुंबईतल्या एका रिफायनरीत केली होती. हेल्पर म्हणून लागले आणि बोर्ड ऑपरेटर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून प्लांट चालवणारा, म्हणून निवृत्त झाले. जमवलेल्या पैशांतून आणि राजापूरची आंब्याची चार झाडं विकून फुलपाड्यात ही इमारत बांधली, ती मनात टॉवर धरूनच. माझा चहा संपायच्या आत त्यांनी मला सगळा प्रकार समजावून सांगितला होता.

"क्रूड म्हणजे काय? काळा, घाण वासाचा, चिकट काढा. त्यात पेट्रोल आहे, रॉकेल आहे, डिझेल आहे, मेण आहे, डांबर आहे. सगळी एकाच चुलीवर जेवणारी. आता यांना वेगळं कसं करायचं? भांडण लावून नाही. भट्टीत तापवायचं आणि टॉवरच्या बुडाशी सोडायचं. ज्याची उकळी हलकी, तो वाफ होऊन वर पळतो. ज्याची जड, तो खाली बसतो. वर जाता जाता एकेक जण गार होतो, आणि जो ज्या मजल्यावर गार झाला तो तिथंच थांबतो. तिथं त्याच्यासाठी नळ काढून ठेवलेला असतो. आपण कुणाला ढकलायचं नाही, कुणाला ओढायचं नाही. खालून तापवायचं, वरून गार ठेवायचं, बस्स."

त्या हिशेबानं गच्चीवर गॅस, म्हणजे नुसता वारा. तिसऱ्या मजल्यावर पेट्रोल, म्हणजे एक नवं लग्न झालेलं जोडपं, जे ठिणगी पडली की भडकायचं आणि चहा होईपर्यंत विझायचं. दुसऱ्यावर मी. पहिल्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ सहकुटुंब राहत, ते डिझेल. "पेटायला वेळ लागतो, पण लांब पल्ल्याचा माणूस," काका म्हणायचे. आणि तळमजल्यावर स्वतः काका-काकू. "आम्ही डांबर. सगळं उडून गेल्यावर जे उरतं ते. पण एक लक्षात ठेव, पेट्रोलची गाडी चालते ती डांबरावरून."

पहिल्या मजल्यावरच्या डिझेलचे दोन मुलगे एके दिवशी भांडून वेगळे निघाले तेव्हा सगळी इमारत हळहळली. काका पेढे घेऊन वर गेले. "वाईट कसलं वाटून घेताय? याला क्रॅकिंग म्हणतात. जड रेणू फोडल्याशिवाय पेट्रोल वाढतं का कधी?" बँकवाल्यांनी पेढा घेतला नाही. वर्षभरानं दोन्ही मुलांची चांगली बस्तानं बसली तेव्हा मात्र ते स्वतः पेढे घेऊन खाली आले आणि म्हणाले, "तुमचा तो रेणू फुटला बरं का नीट."

काकांच्या सवयी सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. कुठलाही नळ ते पूर्ण उघडायचे आणि पाव फेरा मागे घ्यायचे. का, तर पुढच्या माणसाला हात लावल्याबरोबर कळलं पाहिजे की हा उघडा आहे, अडकलेला नाही. कुठल्याही गरम वस्तूला तळहात लावायचे नाहीत, नेहमी उलटा हात. काकूंना ताप आला तरी उलटाच हात. पाण्याच्या पंपाजवळ हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर टांगलेला असे. त्याचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा मोटरला काहीतरी कानमंत्र देतोय. त्या मोटरवर, ती बंद असली की, एक जरीकाठी शाल पांघरलेली असायची. चांगली, निरोप समारंभात मिळते तसली. ती मोटरवर का, हे मला पुढे कळलं.

आणि लॉगबुक. दर तासाला नोंद. मी एकदा चोरून वाचलं होतं. "६:००. पंप चालू. आवाज बरा. गच्चीवरची टाकी निम्मी. ७:००. टाकी पाऊण. पेट्रोल भांडले. ७:१०. पेट्रोल शांत. ८:००. रॉकेल कामावर गेली, छत्री विसरली." त्यांच्या राज्यात गच्चीवरची टाकी एकदाही भरून वाहिली नव्हती. आजूबाजूच्या इमारतींतून रोज पाणी धोधो गटारात जायचं आणि काका फाटकाशी उभे राहून चुकचुकायचे. "चार्ज कुणाकडे आहे यांचा?"

चार्ज हा त्यांचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात दुखरा शब्द. ऑपरेटरची पाळी संपली म्हणून तो उठून घरी जाऊ शकत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, हा त्याला सगळी परिस्थिती सांगतो, तो प्लांटवर एक चक्कर मारून स्वतः बघून येतो, मग हा म्हणतो "दिला", तो म्हणतो "घेतला". तो "घेतला" म्हणेपर्यंत याची पाळी संपत नाही. दोन तास होवोत नाहीतर दोन दिवस. काका भाजी आणायला निघाले तरी काकूंना चार्ज द्यायचे. पंप बंद आहे, टाकी पाऊण आहे, दूध गार व्हायला ठेवलंय. दिला. काकू मेथी निवडत मान वर न करता म्हणायच्या, "घेतला, घेतला, जा आता."

"न बघता घेतलास."

"अहो, दूध माझ्या समोर आहे!"

"पंप आहे का समोर?" असं म्हणून ते चपला काढून परत खुर्चीत बसायचे. "न सांगता जाणारा आणि न बघता घेणारा, दोघंही सारखेच." काकूंचा निम्मा जन्म त्या भाजीची वाट बघण्यात गेला असेल.

काकूंनीच एकदा वाल सोलता सोलता मला ती गोष्ट सांगितली. काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस. पहिली पाळी, सात ते तीन. बारा वाजता कुणीतरी वरिष्ठ कंट्रोल रूममध्ये आले, "चला चला, समारंभ आहे तुमचा, बघतील इथलं बाकीचे," म्हणून हाताला धरून घेऊन गेले. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग कंपनीच्या गाडीनं प्रेमानं थेट घरापर्यंत सोडलं. दुपारी तीन वाजता, पुढच्या पाळीचा माणूस कंट्रोल रूममध्ये रिकाम्या खुर्चीसमोर उभा असताना, आमचे काका गळ्यात हार घालून महामार्गावर वर्सोव्याच्या पुलावर अडकले होते.

"दुसऱ्या दिवशी फोन केला हो त्यांनी. तो पोरगा म्हणाला, काका, घेतला ना, सगळं छान चाललंय. हे म्हणाले, फोनवर प्लांट घेतात का? तेव्हापासून सहा वर्षं झाली. दुपारी तीन वाजले की दाराकडे बघत बसतात. दुपारची झोप म्हणून नाही या माणसाला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मला म्हणतात, मी अजून ड्युटीवर आहे गं, मला कुणी सोडवायलाच आलं नाही."

काकू हसत सांगत होत्या, पण सोललेले वाल त्यांनी सालांच्या टोपलीत टाकले होते. ती शाल मोटरवर का होती ते मला त्या दिवशी कळलं. ड्युटीवर असलेल्या माणसानं निरोपाची शाल पांघरायची कशी?

आता माझ्या कारखान्याकडे येते, कारण तिथं माझी चांगलीच पळता भुई थोडी झाली होती. आम्ही जुनं, जळकं इंजिन ऑइल गोळा करून पुन्हा शुद्ध करायचो. मालकांना सगळे भाऊ म्हणत. वसईच्या खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातला दिलदार माणूस. त्यांनी हौसेनं एक छोटा टॉवर उभा केला होता. आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे तेल कमी तापातच उकळतं आणि जळत नाही. महाबळेश्वरला चहा लवकर उकळतो, त्यातलाच हा प्रकार. काळं तेल खालून आत जाणार आणि मधल्या नळातून कोऱ्या चहासारखं स्वच्छ तेल बाहेर येणार, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात तासभर बरं चालायचं, मग टॉवरच्या पोटात गुडगुड व्हायची आणि मधल्या नळातून काजळीसारखं तेल भळभळायचं. एकदा झालं, दोनदा झालं, पाचदा झालं. भाऊ शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाय माझा. पन आता एकच डाव. पुढच्या शनिवारी नाय जमलं तर टॉवर भंगारात. आपन आपली पिंपं भरून विकू, त्याला केमिस्ट कशाला पायजे?"

मी घरी येऊन जिन्यात बसले. काका पंपाचं ऐकत होते. स्क्रू ड्रायव्हर कानावरून न काढता म्हणाले, "रॉकेल उकळलंय वाटतं."

मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले. "उद्या सॅम्पल आण. प्रत्येक पिंपातलं वेगळं."

"तुम्हीच चला ना काका, टॉवर बघायला."

डोळ्यांतली लकाकी गेली. "मी नाही येणार. एका प्लांटचा चार्ज अंगावर असताना दुसऱ्या प्लांटवर पाय ठेवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी सहा बाटल्या आणल्या. काकू देवळात गेल्या होत्या. काकांनी गॅसवर चपातीचा तवा ठेवला, चांगला तापू दिला आणि ड्रॉपरनं पहिल्या बाटलीतला एक थेंब त्यावर टाकला. थेंब निवांत पसरला आणि धुरकटला. दुसरी बाटली, तेच. तिसऱ्या बाटलीचा थेंब पडल्याबरोबर चटचट, चटचट, मोहरीसारखा तडतडून सगळ्या ओट्यावर उडाला.

"पाणी!" काका लहान मुलासारखे ओरडले. "ऐकलंस? पाणी आहे यात!"

नेमक्या तेव्हाच काकू दारात उभ्या राहिल्या. हातात प्रसादाचा द्रोण. ओट्यावर काळे शिंतोडे, तव्यावर काळं तेल, घरात ट्रकच्या गॅरेजचा वास. "हा माझ्या आईनं दिलेला तवा आहे," एवढंच त्या म्हणाल्या, पण ते कमी डिग्रीला उकळणाऱ्या आवाजात. काकांनी त्याच पावली बाजारात जाऊन नवा तवा आणला. जुना तवा पुढे वालीवच्या आमच्या लॅबमध्ये गेला. तो अजून तिथं आहे, त्यावर पांढऱ्या रंगात "काकू" लिहिलंय आणि प्रत्येक पिंपाचा थेंब आजही आधी त्याच्यावर पडतो.

पाण्याचं कोडं सुटलं, पण ते येतं कुठून? काकांनी तिसरी बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "यात बोंबील आहे."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण भाऊंना विचारलं तर त्यांनी जीभच चावली. गॅरेजचं तेल कमी पडायला लागलं म्हणून गेल्या काही महिन्यांपासून ते पाचूबंदरच्या मासेमारी बोटींचं जळकं तेल घेत होते आणि सगळं एकाच टाकीत ओतत होते. रविवारी काका, मी आणि भाऊ पाचूबंदरला गेलो. लिलाव आटोपला होता, जाळी शिवायला पसरली होती. एका बोटीच्या मालकानं भाऊंच्या पिंपावर हात ठेवून सरळ सांगितलं, "बोटीच्या पोटात दर्याचं पानी असनारच ना काका. इंजिनाखाली दोघं एकत्रच साठतात. आमी काडतो, यांना देतो. यांनी कवा इचारलंच नाय."

काकांनी भाऊंकडे वळून बघितलं. "भाऊ, क्रूडसुद्धा जमिनीतून येतं तेव्हा खारं पाणी घेऊनच येतं. म्हणून रिफायनरीत त्याला टॉवरच्या दारात उभं करत नाहीत. आधी आंघोळ. गोडं पाणी मिसळून मीठ धुवून काढायचं, मग पाणी निवळून खाली बसलं की सोडून द्यायचं, मगच भट्टी. पेलाभर पाणी तेलात राहिलं आणि एकदम तापलं तर त्याची दोन पिंपं भरून वाफ होते. ती वाफ सगळ्या काळ्या गाळाला खांद्यावर घेऊन वर पळते. तुमचा टॉवर नाही बिघडला. पाहुण्यानं पाय धुतले नाहीत."

भाऊ पोट धरधरून हसले. "आमच्या आज्याचं मिठागर होतं, काका. पान्यातनं मीठ काढायचं आम्हाला माहीत. तेलातनं मीठ काढायचं, हे पिढीत पयल्यांदाच बघतोय!"

मग काय, आम्ही बोटींचं तेल वेगळं केलं. कोमट गोड्या पाण्यानं धुतलं, टाकीत निवळत ठेवलं आणि रोज तळाचं पाणी सोडत राहिलो. रोज संध्याकाळी मी सॅम्पल घेऊन घरी यायचे, आणि भाऊंचा रोज फोन, "अजून किती दिवस?" काका फोन हातात घेऊन सांगायचे, "तेल सांगेल तेव्हा." शुक्रवारी तव्यावर थेंब पडला आणि गप्प पसरला. काकांनी तव्याला नमस्कार केला.

"आता उद्या तुम्ही यायचंच," मी म्हटलं.

"नियम सांगितला ना तुला."

बाजूला बसलेल्या काकू उठल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "या पोरीची नोकरी टांगणीला लागलीय आणि तुम्ही नियम सांगताय? सहा वर्षं दाराकडे बघताय. त्या दारातून कोण यायचं राहिलंय? उठा आणि जा."

काकांनी तव्याखालचा गॅस बंद केला. मग मला म्हणाले, "येईन. पण पाहुणा म्हणून नाही. पूर्ण पाळी करीन, सात ते तीन. आणि तीन वाजता कुणीतरी माझ्याकडून चार्ज घ्यायला हवा. बघून. दया म्हणून नको, मला कळतं ते. घेशील?"

"घेईन. बघूनच घेईन," मी म्हटलं.

शनिवारी पावणेसातला काका वालीवच्या फाटकात हजर. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत लॉगबुक, हातात तो स्क्रू ड्रायव्हर. टॉवरसमोर उभे राहून त्यांनी तो खालपासून वरपर्यंत असा बघितला, जसा बऱ्याच दिवसांनी गावाहून आलेला सख्खा भाऊ बघावा. मग कामाला लागले. दर अर्ध्या तासाला शिडी चढायचे, उलटा हात पाइपला लावायचे, पंपाचं ऐकायचे. ताप असा सावकाश वाढवला की भाऊंना उभ्या उभ्या तीनदा चहा प्यावा लागला. "काका, थोडा अजून वाढवू या का?" "भाऊ, भाताला उकळी आणायला जाळ मोठा करतात, शिजवायला नाही." साडेदहाला उरलंसुरलं पाणी निघालं, मग हलकं डिझेलसारखं तेल, आणि बारा वाजायच्या जरा आधी काकांनी मधल्या नळाचा सॅम्पलचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडला आणि मी त्याखाली काचेची बाटली धरली. गुडगुड नाही, उसळी नाही. कोरा चहा. अगदी कोरा, आरपार, बाटलीतून पलीकडचे भाऊ दिसत होते आणि ते नाचत होते.

बारा वाजता सगळे जेवायला चला म्हणाले. काका उठले नाहीत. "बारा वाजता खुर्ची सोडायची नसते," म्हणाले आणि डबा तिथंच उघडला. का ते फक्त मला माहीत होतं.

तीन वाजता सगळा कारखाना गोळा झाला. भाऊ पेढ्यांचा पुडा उघडून उभे. काकांनी लॉगबुक उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ताप इतका, तळाची पातळी इतकी, दोन्ही पंपांचे आवाज बरे, माल स्वच्छ, गळती नाही. शेवटी वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सहा वर्षं होती. मला इतकं वाटलं की पळत जाऊन "घेतला" म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण मला त्यांचा तो शब्द आठवला. न बघता घेणारा.

"थांबा," मी म्हटलं. "बघून येते."

मी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. दोन्ही पंपांचं ऐकलं. पाइपला उलटा हात लावला. पातळीची काच बघितली, लॉगशी ताडली. शिडी चढले. आणि वरच्या बाजूला, मधल्या नळाच्या सॅम्पलच्या कॉकखाली, एक थेंब लोंबत होता. तो पडला. मी मोजत राहिले. थोड्या वेळानं दुसरा पडला.

मी खाली आले. "नाही घेत."

"अवो मॅडम, पेढे..." भाऊ पुटपुटले.

"सॅम्पलचा कॉक गळतोय, काका. तुमच्या नोंदीत गळती नाही असं आहे."

काकांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. खरोखरच विसरले होते. तीनच्या जरा आधी, आनंदाच्या भरात माझी शेवटची बाटली भरताना तो त्यांनीच अर्धवट बंद केला होता. ते शिडी चढले, बघितलं, कॉक आवळला, खाली आले, चष्मा पुसला आणि लॉगबुकात लिहिलं: "३:१०. सॅम्पल कॉक गळत होता. चूक माझी. बंद केला." खाली सही केली. आणि मग हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पकडलं! भाऊ, बघितलंत? पोरीनं मला पकडलं!" असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर साडेचार वर्षांत दुसऱ्यांदा बघितला नाही.

मी पुन्हा शिडी चढून बघून आले. कॉक कोरडा होता.

काका ताठ उभे राहिले. "दिला."

"घेतला," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. भाऊंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला म्हणून ते अर्ध्यावर राहिलं.

काका-काकू आता राजापूरला गावी असतात. काका तिथल्या शाळेत मुलांना त्यांच्या रागाच्या उकळीनुसार जिन्याच्या पायऱ्यांवर उभं करून टॉवर समजावतात म्हणे. मी वालीवलाच आहे आणि आमच्याकडे कुणीही न बघता चार्ज घेत नाही. पण त्या शनिवारचं अजून थोडं सांगायचं राहिलंय.

नुकताच घेतलेला चार्ज संध्याकाळच्या माणसाला नीट देऊन मी सव्वापाचला घरी आले, तर आमच्या फाटकाबाहेर माणसं जमलेली. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाणी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवरून, माझ्या गॅलरीवरून, पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून धोधो खाली येत होतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, सगळ्यांची एकदम आंघोळ. आणि अंगणात काकू छत्री उघडून मध्यभागी उभ्या होत्या आणि हसत होत्या.

"काकू, पंप!"

"हळू बोल." त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे दाखवलं. "आल्याबरोबर पंप सुरू केला, जरा टेकतो म्हणाले, आणि बघ."

मी दारातून डोकावले. काका खुर्चीत मान एका बाजूला टाकून गाढ झोपले होते. तोंड उघडं, घोरणं तालात. अंगावर ती जरीकाठी शाल. मोटरवरून काढून काकूंनीच घातली असणार.

"मला बंद करता येतो गं पंप," काकू म्हणाल्या. "पण म्हटलं, वाहू दे थोडं. त्यांच्या ड्युटीवर कधी वाहिली नव्हती ना. आज वाहिली म्हणजे खरंच सुटले."

मी भिजत जाऊन पंप बंद केला. मग काकांच्या खुर्चीशेजारचं लॉगबुक उचललं, हात कोरडे केले आणि त्या वहीत पहिल्यांदाच माझ्या अक्षरात लिहिलं: "५:२०. टाकी भरून वाहिली. पंप बंद केला. ऑपरेटर झोपले आहेत. आवाज बरा."